सुकाण्याच्या हातातले गणित

१८६०च्या दशकात ब्रिटिश आरमाराने चिलखती लोखंडी जहाजे बांधायला घेतली आणि एक जुनेच काम एकाएकी अवघड होऊन बसले. ते काम म्हणजे जहाज वळवणे. 'एचएमएस मिनोटॉर' ही त्या काळची ४०० फूट लांबीची युद्धनौका. तिचे सुकाणू फिरवायला चाकावर १८ माणसे आणि सुकाणूला जोडलेल्या कप्पी-दोरखंडांवर आणखी ६० माणसे लागत. एवढ्या ७८ जणांनी अंग मोडून जोर लावला, तरी एक पूर्ण वर्तुळ मारायला जहाजाने साडेसात मिनिटे घेतली. शिडाच्या लाकडी जहाजावर सुकाणूशी झुंजायची वेळ वादळात यायची. इथे निवांत समुद्रातही तीच गत. जहाजाचा वेग दुप्पट झाला की सुकाणूवर येणारा पाण्याचा दाब चौपट होतो, आणि वाफेच्या इंजिनांनी वेग तर वाढवून ठेवला होता. लढाईच्या धुमश्चक्रीत ही पाऊणशे माणसे एकजीव होऊन काम करतील यावर कोण भरवसा ठेवणार?

उत्तर आले ते युद्धनौकेवर नव्हे, तर ब्रुनेल या इंजिनिअरने बांधलेल्या 'ग्रेट ईस्टर्न'वर. ६९२ फूट लांबीचे हे अजस्र जहाज प्रवासी वाहतुकीत तोट्यात गेले. १८६६ मध्ये अटलांटिकच्या तळाशी तारेचा दोर टाकण्याच्या कामी मात्र ते आले. त्याच वर्षी जॉन मॅकफार्लेन ग्रे या इंजिनिअरने वाफेवर चालणाऱ्या सुकाणू-यंत्राचे पेटंट घेतले आणि लवकरच ते 'ग्रेट ईस्टर्न'वर बसले. सुकाणू वाफेने ओढणे ही काही मोठी कल्पना नव्हती, वाफेने त्या काळी सगळेच ओढले जात होते. ग्रेची करामत झडपेत होती. सुकाण्याने चाक फिरवले की झडप उघडे, वाफ इंजिनात जाई आणि इंजिन सुकाणू ओढू लागे. पण सुकाणू सरकू लागले की त्याचीच हालचाल दांडे आणि दातेरी चाकांमधून माघारी येई आणि तीच झडप हळूहळू मिटवत नेई. चाकाने सांगितलेल्या जागी सुकाणू पोचले की झडप पुरती बंद. जोर वाफेचा, हुकूम माणसाचा, आणि हुकूम पाळला गेला की नाही हे तपासण्याचे काम यंत्राने स्वतःच्या अंगावर घेतलेले. आता एका माणसाच्या दोन हातांनी ते धूड वळू लागले.

फ्रान्समध्ये जोसेफ फार्को हाही याच वाटेने चालला होता. १८७३ मध्ये त्याने या यंत्रांवर पुस्तक लिहिले आणि त्यांना 'सर्वो-मोटर' हे नाव दिले. आज रोबोच्या हातात आणि मुलांच्या खेळण्यातल्या विमानात असते ती 'सर्वो' मोटर तिथलीच.

इथवर यंत्राने घेतली ती माणसाची ताकद. सुकाणू किती वळवायचे आणि केव्हा वळवायचे, हे अजून सुकाण्याच्याच हाती होते. आणि खरे कसब होते ते तेवढ्यातच.

सुकाण्याला हुकूम मिळतो: अमुक अंशावर जहाज धर. लाट येते, नाळ, म्हणजे जहाजाचे पुढचे टोक, डावीकडे घसरते. नवखा पोरगा घाबरून चाक उजवीकडे फिरवतो आणि नाळ जागेवर येईपर्यंत तसेच धरून ठेवतो. पण हजारो टनांचे वजन एकदा वळायला लागले की म्हटल्या क्षणी थांबत नाही. भरलेली हातगाडी उतारावर वळवणाऱ्याला हे सांगावे लागत नाही. नाळ ठरलेली दिशा ओलांडून उजवीकडे जाते, पोरगा उलट चाक मारतो, आणि जहाजामागे पाण्यावर नागमोडी रेघ उमटत जाते. मुरलेला सुकाण्या नाळ कुठे आहे एवढेच पाहत नाही, ती किती वेगाने फिरते आहे हेही पाहतो. ती परतायला लागली की जागेवर पोचण्याआधीच चाक ढिले सोडतो, वेळ पडली तर उलटा हात देऊन तिला झेलतो. वारा किंवा प्रवाह सारखा एकाच बाजूने रेटत असेल, तर सुकाणू दोन-तीन अंश विरुद्ध बाजूला देऊन तसेच धरून ठेवतो. हे त्याला कोणी पुस्तकातून शिकवलेले नसते, आणि विचारले तर धड सांगताही येत नाही.

हे कसब यंत्रात उतरवण्याचा पहिला यशस्वी प्रयत्न झाला तो पाण्याखाली. आद्रियाटिक किनाऱ्यावरच्या फियुमे बंदरात रॉबर्ट व्हाइटहेड हा इंग्रज इंजिनिअर १८६६ पासून टॉर्पेडो बनवत होता. पाण्याच्या दाबावरून खोली ओळखून आडवे सुकाणू हलवणारी यंत्रणा त्याने बसवली. पण टॉर्पेडो त्या नवख्या पोरासारखाच वागू लागला. खोल बुडी मारायचा, मग उसळून वर यायचा. व्हाइटहेडने दाबाच्या झडपेला एका लोलकाची जोड दिली. टॉर्पेडोचे तोंड खाली आहे की वर, म्हणजे तो निघाला आहे कुठल्या दिशेने, हे लोलक सांगे. दोन्ही खबरा एकत्र केल्यावर टॉर्पेडो ठरलेल्या खोलीवर सरळ धावू लागला. या जोडणीला नुसते 'द सीक्रेट' म्हणत, आणि देशोदेशीच्या आरमारांनी ते गुपित पैसे मोजून विकत घेतले. जहाजाच्या बाबतीत मात्र अजून एक अडचण होती. दिशेची खात्रीशीर खबर आणायची कुठून? पोलादी जहाजाच्या पोटात चुंबकी होकायंत्र बिचकते. ती अडचण गायरो-होकायंत्राने सोडवली. जर्मन आरमाराने हर्मान आन्शुट्झ-केम्फेचे यंत्र १९०८ मध्ये आपल्या 'डॉइचलांड' युद्धनौकेवर तपासले, आणि १९११ मध्ये अमेरिकेच्या 'यूएसएस डेलावेअर'वर एल्मर स्पेरीच्या यंत्राची चाचणी झाली. वेगाने फिरणारे जड चाक खरी उत्तर दाखवू लागले, आणि मुख्य म्हणजे ती दिशा विजेच्या तारेतून जहाजात हवी तिथे नेता येऊ लागली. आता ती खबर सुकाणूपर्यंत पोचवायची, की झाले. स्पेरीने १९२०च्या दशकाच्या सुरुवातीला हेच केले. मुरलेल्या सुकाण्याप्रमाणे आधीच हात सैल सोडण्याची युक्तीही त्याने यंत्रात घातली होती. व्यापारी जहाजांवरच्या खलाशांनी या यंत्राचे बारसे केले: 'मेटल माइक'. न जेवणारा, न झोपणारा लोखंडी माइक.

स्पेरी हाडाचा कारागीर होता, यंत्र हाताशी धरून सुधारत नेणारा. त्याच सुमारास दुसरा एक माणूस हाच प्रश्न अगदी वेगळ्या अंगाने सोडवत होता. निकोलाय मिनॉर्स्की १८८५ मध्ये व्होल्गा नदीकाठच्या कोर्चेवा गावी जन्मला. (हे गाव आज नकाशावर नाही, १९३०च्या दशकात धरणाच्या पाण्याखाली गेले.) सेंट पीटर्सबर्गच्या नाविक विद्यालयात शिकून तो झारच्या आरमारात गेला. जहाजाची नाळ किती वेगाने फिरते आहे हे मोजणारे उपकरण त्याने तिथे असतानाच तयार केले होते. क्रांतीनंतर रशिया सुटला. १९१८ मध्ये तो अमेरिकेत पोचला आणि स्कनेक्टडी इथे जनरल इलेक्ट्रिक कंपनीत चार्ल्स स्टाइनमेट्झ या विद्युत-अभियंत्याचा सहायक म्हणून काम करू लागला.

१९२२ मध्ये अमेरिकी नौदल अभियंत्यांच्या नियतकालिकात मिनॉर्स्कीचा एक लेख आला. सुरुवात यंत्रापासून नव्हती, सुकाण्यापासून होती. उत्तम सुकाण्या चाकावर नेमके काय करतो? मिनॉर्स्कीने त्या हातांकडे गणितज्ञाच्या नजरेने पाहिले आणि त्यांच्या कामाचे तीन भाग पाडले. पहिला भाग: नाळ दिशेपासून किती सरकली आहे, त्या प्रमाणात सुकाणू द्यायचे. दुसरा: ती किती वेगाने सरकते आहे ते पाहून आधीच हात आवरायचा. तिसरा: चूक किती वेळ साचत आली आहे ते पाहायचे. वारा सारखा एका बाजूने रेटत असेल तर ही साठलेली चूक सुकाणू थोडे थोडे वळवत नेते, आणि रेटा तंतोतंत फिटला की त्याला तिथेच धरून ठेवते. आता काय आहे, पुढे काय होऊ घातले आहे आणि मागे काय होत आले आहे, अशा तीन खबरा. तिन्हींना योग्य वजन देऊन बेरीज केली की सुकाणू किती द्यायचे ते कळते. सुकाण्याला जे सांगता येत नव्हते, ते त्याच्याऐवजी समीकरणाने सांगितले.

आरमाराला यात रस होता तो उगाच नाही. तोवर युद्धनौकांच्या तोफा २०,००० यार्डांपलीकडे मारा करू लागल्या होत्या. शत्रूचे जहाज कुठे असेल याचे गणित मांडताना आपले जहाज सरळ चालले आहे हे धरूनच चालावे लागे. नाळ दोन अंश इकडेतिकडे झाली तरी ते गणित डळमळे. म्हणून मिनॉर्स्कीच्या यंत्राला चाचणीसाठी मिळाली ती एक आघाडीची युद्धनौका, 'यूएसएस न्यू मेक्सिको'. ३२,००० टनांची ही नौका १९१८ मध्ये आरमारात आली होती आणि तिचे चारही पंखे विजेच्या मोटरींवर फिरत. त्या काळी युद्धनौकांमध्ये असे चालणारी ती पहिलीच.

चाचण्या १९२२-२३ मध्ये झाल्या. आधी यंत्राला सरकण्याची आणि साचलेल्या चुकीची खबर दिली, पण पुढचा अंदाज घेणारा भाग वगळला. जहाज दोन्ही बाजूंना २ अंशांपर्यंत डोलत राहिले. मग नाळेच्या फिरण्याचा वेग लक्षात घेणारे अंग जोडले, आणि ते डोलणे अंशाच्या सहाव्या भागावर आले. एवढे सरळ जहाज हाकणारे सुकाणे त्या ताफ्यात फारसे नव्हते.

आणि तरीही आरमाराने यंत्र नाकारले. कारण तांत्रिक नव्हते. जहाजावर प्रत्यक्ष काम करणाऱ्यांना ते नको होते, आणि त्यांनी ते ठणकावून सांगितले. पुढे हे यंत्र बनवण्याचे हक्क बेंडिक्स कंपनीकडे गेले, मिनॉर्स्की पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात शिकवू लागला आणि १९७० मध्ये इटलीत वारला. जुन्या वळणाच्या खलाशांनी नव्याला अडवले, असे म्हणून ही गोष्ट इथे मिटवता येईल. पण त्यांची बाजू एकदा ऐकायला हवी. युद्धनौकेवर तारा तुटतात, वीज जाते, गोळा लागतो. त्या क्षणी चाक पुन्हा माणसाच्या हाती येणार. ज्या हातांनी महिनोन्महिने चाक धरलेले नाही, ते तेव्हा काय करतील? या प्रश्नाला मिनॉर्स्कीच्या समीकरणात उत्तर नव्हते.

समुद्राने परतवलेले हे गणित जमिनीवर मात्र पसरले. १९३०च्या दशकात तेलशुद्धीकरण आणि रसायनांच्या कारखान्यांनी हवेच्या दाबावर चालणारी तशीच नियंत्रणे बसवायला सुरुवात केली. १९४२ मध्ये झिग्लर आणि निकोल्स या इंजिनिअरांच्या जोडगोळीने तिन्ही भागांचे वजन कसे ठरवायचे याचे सोपे नियम दिले, आणि याच तीन भागांचा 'पीआयडी कंट्रोलर' कारखान्यांच्या भिंतीवर घड्याळाइतका सरावाचा झाला. कोल्हापूर-सांगलीकडे गाळप हंगामात साखर कारखान्याच्या बॉयलरमध्ये पाण्याची पातळी राखली जाते तीही याच जातीच्या गणितावर. ऊस ओला निघाला आणि जाळ मंदावला की पातळी हलते. यंत्र तिला सावरते, आणि ऑपरेटर तेवढ्यात चहा घेऊन येतो.

आरमारात यंत्रे परतली ती दुसऱ्या महायुद्धानंतर, आणि या वेळी कोणाच्या नकाराला जागा उरली नव्हती. वाफेच्या जागी गॅस टर्बाइन आले, इंजिनाजवळ उभे राहून झडपा फिरवणारी माणसे कमी झाली, आणि जहाजाचा सगळा कारभार एका कंट्रोल रूममध्ये गोळा झाला. आपल्या माझगाव गोदीत हा पालट एकाच आवारात पाहायला मिळतो. १९७२ मध्ये आरमारात दाखल झालेली 'आयएनएस निलगिरी' वाफेवर चालणारी. २०१० मध्ये दाखल झालेली 'आयएनएस शिवालिक' गॅस टर्बाइन आणि डिझेलवरची. तिच्यावर इंजिनांपासून वीजपुरवठ्यापर्यंत जहाजाच्या यंत्रसामग्रीवर एकाच संगणकी व्यवस्थेची नजर असते. या यंत्रांची माणसे तयार होतात ती मात्र समुद्रापासून दूर, घाटमाथ्यावर लोणावळ्याला. 'आयएनएस शिवाजी' ही नौदलाची अभियांत्रिकी प्रशिक्षण संस्था १९४५ पासून तिथे आहे.

माणसे कमी करायची, हा मग हेतूच बनला. युद्धनौकेच्या आयुष्यभराच्या खर्चात पगार आणि रेशन यांचा वाटा मोठा. अमेरिकी आरमाराने १९९०च्या दशकात 'स्मार्ट शिप' योजना काढली आणि 'यूएसएस यॉर्कटाउन' या क्रूझरवर संगणकांचे जाळे बसवून माणसांची कपात केली. २१ सप्टेंबर १९९७ रोजी व्हर्जिनियाच्या किनाऱ्याजवळ एका कर्मचाऱ्याने माहितीच्या एका रकान्यात शून्य भरले. संगणकाने त्या शून्याने भागायचा प्रयत्न केला, ती चूक जाळ्यात पसरत गेली आणि इंजिनांचे नियंत्रण कोसळले. सुमारे पावणेतीन तास ते जहाज पाण्यावर निश्चल पडून होते. चुकीचा आकडा माणसाकडून जायचाच. तो दाराशीच अडवायला हवा, हा विचार करायचे राहून गेले होते.

त्याच्या वीस वर्षांनंतरची घटना याहून गंभीर आहे. २१ ऑगस्ट २०१७. 'यूएसएस जॉन एस. मॅकेन' ही विनाशिका पहाटेच्या अंधारात सिंगापूरकडे निघाली होती. सिंगापूरकडे जाणारी ही वाट जगातल्या सर्वांत गजबजलेल्या जलमार्गांपैकी एक. तिच्या ब्रिजवर, म्हणजे जिथून जहाज हाकतात त्या कक्षात, वर्षभरापूर्वीच टचस्क्रीनची नवी व्यवस्था बसली होती. सुकाणू आणि इंजिनांचे थ्रॉटल दोन्ही पडद्यावरून चालत, आणि कोणत्याही स्टेशनवरून कोणतेही काम घेता येई. ब्रिजवरच्या काही जणांना तात्पुरते एका क्रूझरवरून आणले होते, आणि तिथली सुकाणू-व्यवस्था बरीच वेगळी होती.

५ वाजून १९ मिनिटांनी कॅप्टनच्या लक्षात आले की सुकाण्याला दिशा आणि वेग दोन्ही सांभाळणे जड जात आहे. त्याने हुकूम दिला: सुकाणू याच्याकडे राहू द्या, थ्रॉटल शेजारच्या स्टेशनकडे द्या. काम वाटून घ्यायचा साधा, शहाणपणाचा हुकूम. पण पडद्यावर हे करताना थ्रॉटलबरोबर सुकाणूही शेजारी गेले. व्यवस्था त्या वेळी 'बॅकअप मॅन्युअल' मोडमध्ये होती, आणि त्या मोडमध्ये एका स्टेशनला दुसऱ्याच्या संमतीवाचून ताबा घेता येत असे. सुकाण्याला वाटले, सुकाणू बिघडले. ते बिघडलेले नव्हते. ते शेजारच्या पडद्यावर होते आणि शेजाऱ्याला त्याचा पत्ता नव्हता.

यापुढचा तपशील मिनॉर्स्कीने वाचला असता तर तो तिथेच थांबला असता. ताबा जाण्याआधी जहाज सरळ ठेवण्यासाठी सुकाण्या सुकाणू उजवीकडे १ ते ४ अंश देऊन धरून होता. तोच तो तिसरा भाग, सततचा रेटा फेडणारा हात. ताबा शेजारी गेला तेव्हा सुकाणू मध्यावर आले, शून्यावर. पडद्याने अधिकार पोचवला, पण त्या हातात साचलेले शहाणपण पोचवले नाही. नाळ डावीकडे वळू लागली. वेग कमी करा, असा हुकूम आला. दोन्ही पंख्यांचे थ्रॉटल पडद्यावर एकमेकांना जोडलेले नव्हते, त्यामुळे फक्त डाव्या पंख्याचा वेग उतरला. उजवा पंखा आधीच्याच वेगाने रेटत राहिला आणि जहाज आणखी जोराने डावीकडे फिरले. ताबा या स्टेशनवरून त्या स्टेशनवर हिंडत राहिला, आणि सुकाणू हातात परत येईपर्यंत 'अल्निक एमसी' हा टँकर अंगावर आला होता. ५ वाजून २४ मिनिटांनी टक्कर झाली. टँकरच्या पाण्याखालच्या फुगीर नाळेने खलाशांच्या झोपायच्या खोल्या फोडल्या. १० जण तिथेच गेले.

चौकशीत प्रशिक्षणावर, देखरेखीवर आणि ब्रिजच्या रचनेवर बोट ठेवले गेले. टचस्क्रीन हा गुन्हेगार आहे असे कोणी म्हणत नाही आणि म्हणूही नये. ग्रेच्या झडपेपासून आजवर यंत्राने सुकाण्याचे ओझे हलके केले म्हणून तर एवढी मोठी जहाजे चालू शकली. फरक कुठे पडला तो पाहायला हवा. मिनॉर्स्कीने आधी सुकाण्याचे हात न्याहाळले आणि मग यंत्र रचले. मॅकेनच्या ब्रिजवर आधी पडदा आला आणि हातांनी त्याच्याशी जुळवून घ्यावे अशी अपेक्षा राहिली. जुना थ्रॉटल अंधारातही हाताला सांगत असे की आपण कुठे आहोत आणि जोडीदार कुठे आहे. दोन दांडे एकत्र ढकलले की दोन्ही पंखे एकत्र चालत. पडद्यावरची खूण हे सांगत नाही. ती पाहावी लागते, आणि पाहायला लागणारा क्षण त्या पहाटे कोणाकडे नव्हता.

२०१९ मध्ये अमेरिकी आरमाराने ठरवले की विनाशिकांवर टचस्क्रीनच्या जागी पुन्हा हाताने ढकलायचे थ्रॉटल बसवायचे. हा निर्णय प्रयोगशाळेतून आलेला नव्हता. ताफ्यातल्या लोकांना विचारले होते आणि त्यांनी ठामपणे दांडे परत मागितले. 'न्यू मेक्सिको'वरच्या खलाशांनी यंत्र नाकारले तेव्हा आरमाराने त्यांचे ऐकले, पण त्यांच्या नकारात दडलेला प्रश्न कोणी पुढे नेला नाही: यंत्राने चाक घेतले ते ठीक, पण ते परत देताना काय काय द्यायचे? आज तर खलाशी नसलेली जहाजेही समुद्रात उतरू लागली आहेत. तिथेही हा प्रश्न सुटत नाही, फक्त लांब जातो. किनाऱ्यावरच्या कुठल्यातरी खोलीत बसलेल्या माणसाच्या हाती कधीतरी ते जहाज अचानक येणार. त्या क्षणी सुकाणू किती अंशांवर आणि कशासाठी धरलेले होते, हे त्याला पडद्याने स्वतःहून सांगायला हवे. ज्या व्यवस्थेला एवढे जमत नाही, तिने माणसाचे काम घेतले आहे, जबाबदारी नाही.